बिघडलेल्या बॅचची गोष्ट कोण सांगणार?

डिसेंबरचा शेवटचा आठवडा म्हणजे आपल्याकडे सुट्ट्यांचा. निम्मी मुंबई आणि निम्मं पुणं गोव्याच्या वाटेवर असतं. नेमक्या त्याच दिवसांत देशातल्या कुठल्या तरी शिक्षणसंस्थेच्या आवारात केमिकल इंजिनीअर मंडळी गोळा झालेली असतात. गळ्यात ओळखपत्र, खांद्याला अधिवेशनाची पिशवी, हातात चहाचा कागदी कप. ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल इंजिनीअर्स’ या देशव्यापी संस्थेचं हे वार्षिक अधिवेशन. ‘केमकॉन’ या नावानं ते ओळखलं जातं आणि बहुतेक वर्षी २७ डिसेंबरच्या सुमारास सुरू होऊन वर्ष संपायच्या आत आटोपतं. यजमान शहर बदलत राहतं. २०१३ मध्ये हा मान मुंबईला, माटुंग्याच्या ‘इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी’ला मिळाला होता.

या अधिवेशनाची बातमी वर्तमानपत्रात आलीच, तर आतल्या पानावर येते, समई पेटवणाऱ्या पाहुण्यांच्या छायाचित्राखाली. डॉक्टरांची परिषद भरली की तिथे कोणत्या नव्या उपचाराची चर्चा झाली हे आपण वाचतो, शेजाऱ्याला सांगतो. केमिकल इंजिनीअर चार दिवस काय बोलत होते, हे मात्र कोणी विचारत नाही.

विचारायला हवं. तुम्ही सकाळी घेतलेल्या रक्तदाबाच्या गोळीतलं मूळ औषध एखाद्या रिअॅक्टरमध्ये तयार झालेलं असतं. तो रिअॅक्टर बहुधा एखाद्या औद्योगिक वसाहतीत असतो आणि त्या वसाहतीच्या कुंपणाला आता राहत्या इमारती टेकलेल्या असतात. डोंबिवलीकरांना हे वेगळं सांगायला नको. तिथल्या एमआयडीसीत २६ मे २०१६ रोजी एका रासायनिक कारखान्यात स्फोट झाला, माणसं गेली, दूरदूरच्या घरांच्या काचा फुटल्या. आठ वर्षांनी, २३ मे २०२४ रोजी, त्याच एमआयडीसीतल्या दुसऱ्या कारखान्यात पुन्हा स्फोट झाला. पुन्हा माणसं गेली, पुन्हा काचा फुटल्या. औषधही तिथून येतं आणि अपघातही तिथूनच येतो. दोन्हींची गुरुकिल्ली ज्यांच्या हातात आहे, ते लोक वर्षातून एकदा एका छताखाली येतात, तेव्हा एकमेकांना काय सांगतात, ही आपल्या आरोग्याचीच बाब आहे.

भांडं बदललं की सगळं बदलतं

केमिस्ट आणि केमिकल इंजिनीअर यांच्यातला फरक पुष्कळांना ठाऊक नसतो. केमिस्ट चंचुपात्रात पदार्थ बनवतो. तोच पदार्थ टनावारी, रोज, परवडेल अशा किमतीत आणि कोणाला इजा न होता बनवणं हे इंजिनीअरचं काम. ऐकायला सोपं वाटतं. पेनिसिलिनची गोष्ट पाहा. अलेक्झांडर फ्लेमिंग यांना ती बुरशी १९२८ मध्ये दिसली. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी १९४१ मध्ये अल्बर्ट अलेक्झांडर या पोलिसाला ते औषध टोचलं आणि मरणाच्या दारातला तो माणूस सुधारू लागला. पण औषध इतकं थोडं होतं, की त्याच्या लघवीतून ते परत काढून पुन्हा टोचावं लागलं. शेवटी साठा संपला आणि तो दगावला. औषध सापडलं होतं, गुण येत होता, तरी माणूस वाचला नाही. कारण बुरशी उथळ भांड्यांत पृष्ठभागावर वाढवली जात होती आणि अशा भांड्यांतून निघून निघून किती निघणार?

पुढचं काम अमेरिकेत झालं. हजारो लिटरच्या खोल टाक्यांत बुरशी वाढवायची, तर तळापर्यंत हवा पोचली पाहिजे, ती हवा जंतुविरहित हवी, ढवळणं पुरेसं हवं पण बुरशीचे धागे तुटून जातील इतकं नको आणि वाढताना निर्माण होणारी उष्णता बाहेर काढली पाहिजे. हे सगळे इंजिनीअरिंगचे प्रश्न. मार्च १९४४ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात फायझर कंपनीनं जुन्या बर्फाच्या कारखान्यात अशा टाक्या सुरू केल्या आणि वर्षभरात पेनिसिलिनचा दुष्काळ ओसरू लागला. आपल्याकडे ही विद्या दहा वर्षांनी पिंपरीला आली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीनं १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. पिंपरीतल्या जुन्या लोकांसाठी ती कंपनी म्हणजे एक अख्खा काळ आहे.

पण भांडं मोठं होताना फायद्याबरोबर एक धोकाही मोठा होतो. त्याचं गणित स्वयंपाकघरात रोज दिसतं. एक वाटी वरण आणि लग्नाच्या पंगतीचं वरणाचं पातेलं एकाच वेळी आचेवरून उतरवा. वाटीतलं वरण बघता बघता कोमट होतं. पातेल्यातलं तासाभरानंही तोंड पोळवतं. भांड्याची लांबी, रुंदी, उंची प्रत्येकी दहापट केली, तर आत मावणारा माल हजारपट होतो, पण उष्णता बाहेर जाण्याची जागा, म्हणजे भांड्याचा पृष्ठभाग, फक्त शंभरपट वाढतो. प्रत्येक लिटरच्या वाट्याला येणारी थंड व्हायची जागा दहाव्या हिश्श्यावर येते.

वरणाच्या बाबतीत हे सोयीचंच. पण औषधं, रंग, कीटकनाशकं बनवताना होणाऱ्या पुष्कळ अभिक्रिया स्वतःच उष्णता बाहेर टाकतात. तापमान दहा अंशांनी वाढलं की अभिक्रियेचा वेग ढोबळमानानं दुप्पट होतो. वेग वाढला की उष्णता आणखी वाढते, उष्णता वाढली की वेग आणखी. रिअॅक्टरभोवतीच्या जॅकेटमधून फिरणारं थंड पाणी ही उष्णता काढून घेत असतं, पण पाण्याची ताकद तापमानाच्या फरकाच्या प्रमाणातच वाढते. उष्णता मात्र दुपटी-चौपटीनं वाढत जाते. एका विशिष्ट तापमानाच्या पुढे गेलं, की मग पाणी कितीही सोडा, गाडी हातातून सुटलेली असते. प्रयोगशाळेतल्या लिटरभर फ्लास्कमध्ये हे कधी जाणवतही नाही, कारण त्याची काच बाजूच्या हवेत आपोआप थंड होत असते. म्हणून ‘लॅबमध्ये तर काही झालं नव्हतं’ या वाक्याला मोठ्या रिअॅक्टरपुढे फारसा अर्थ नसतो.

एक छोटा कारखाना, दोन मालक

अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात जॅक्सनव्हिल इथे ‘टी-टू लॅबोरेटरीज’ नावाचा एक लहान कारखाना होता. आपल्याकडच्या एखाद्या एमआयडीसीत सहज खपून गेला असता, असा. पेट्रोलमध्ये मिसळायचं एक रसायन तिथे बनत असे. मालक दोघं, त्यातला एक केमिस्ट आणि एक केमिकल इंजिनीअर. प्रयोगशाळेत लिटरभराच्या भांड्यात त्यांनी कृती बसवली आणि तिथून थेट सुमारे नऊ हजार लिटरच्या रिअॅक्टरवर उडी घेतली. मधल्या आकाराच्या भांड्यात चाचणी घ्यायची पायरी गाळली. वरचं गणित लावलं तर लिटरमागे थंड व्हायची जागा सुमारे एकविसाव्या हिश्श्यावर आली होती.

पहिल्या दहा बॅचमध्ये तीनदा तापमान अपेक्षेबाहेर चढलं. कृतीत थोडे फेरफार करून काम पुढे चालू राहिलं. ४२ व्या बॅचपासून मालाचं प्रमाण एक तृतीयांशानं वाढवण्यात आलं. जॅकेटमधलं पाणी शहराच्या नळावरून यायचं. ते बंद पडलं तर दुसरी सोय नव्हती. १९ डिसेंबर २००७ रोजी १७५ वी बॅच चालू असताना थंडाव्यात बिघाड झाला आणि रिअॅक्टर फुटला. चार जण मरण पावले, ३२ जखमी झाले. मेलेल्यांत तो केमिकल इंजिनीअर मालकही होता.

अमेरिकेत अशा अपघातांची चौकशी करणारं एक स्वतंत्र मंडळ आहे, केमिकल सेफ्टी बोर्ड. त्याला दंड करायचा किंवा खटला भरायचा अधिकार नाही. कारण शोधायचं आणि ते जगासमोर मांडायचं, एवढंच त्याचं काम. या मंडळानं तीच रसायनं घेऊन चाचण्या केल्या, तेव्हा दिसलं की मुख्य अभिक्रियेच्या वरच्या तापमानाला आणखी एक अभिक्रिया सुरू होते, सोडियम आणि द्रावक यांच्यातली, आणि ती पहिलीपेक्षा जास्त जोरदार असते. मालकांना ती ठाऊक नव्हती. निष्काळजी म्हणून हात झटकणं सोपं होतं. मंडळानं प्रश्न एक पाऊल मागे नेला: पदवीधर केमिकल इंजिनीअरला हा धोका माहीत नसेल, तर त्याला शिकवलं काय होतं? मग त्यांनी शिफारस केली ती कारखान्यांना उद्देशून नव्हे, तर अमेरिकी केमिकल इंजिनीअरांच्या संस्थेला आणि पदवी अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या मंडळाला. काही वर्षांत मान्यतेच्या निकषांतच प्रक्रियेतल्या धोक्यांचा अभ्यास आला. व्यावसायिकांची संघटना हलली, तर एका मध्यम शहरातल्या स्फोटातून देशभरच्या वर्गखोल्यांपर्यंत काहीतरी पोचतं, याचं हे उदाहरण.

चुका सांगण्याची बैठक

ही अमेरिकी संस्था १९०८ ची. तिच्या अनेक अधिवेशनांपैकी मला सर्वात कुतूहलाचं वाटतं ते अमोनिया कारखान्यांच्या सुरक्षिततेवरचं. १९५० च्या दशकात ते सुरू झालं आणि अजून दर वर्षी भरतं. हवेतून ऑक्सिजन आणि नायट्रोजन वेगळा करणारे कारखाने आणि अमोनियाचे कारखाने यांच्यात तेव्हा अपघात होत होते. बाजारात एकमेकांच्या उरावर बसणाऱ्या कंपन्यांचे इंजिनीअर तिथे एकत्र येऊन आपल्या कारखान्यात कोणता पाइप कुठे तडकला, कोणती झडप उलटी बसवली गेली, कोणाच्या हिशेबातून काय सुटलं, हे सांगू लागले. विक्रीचं गुपित झाकून ठेवायचं, पण अपघाताचं ठेवायचं नाही, असा हा अलिखित करार. युरिया बनवायचा तर अमोनिया लागतो. आपल्या चेंबूरच्या आणि अलिबागजवळच्या थळच्या खत कारखान्यांतही तो बनतो. म्हणजे हे दूर देशातलं सांगणं आपल्या उपयोगाचं नाही, असं समजायचं कारण नाही.

ब्रिटनमधल्या संस्थेनं वेगळी वाट काढली. १९७४ च्या जूनमध्ये तिथल्या फ्लिक्सबरो गावातल्या कारखान्यात स्फोट होऊन २८ कामगार मेले होते. सहा रिअॅक्टरच्या ओळीतला पाचवा दुरुस्तीसाठी काढला आणि चौथ्यापासून सहाव्यापर्यंत घाईनं एक पाइप जोडला. त्या जोडकामाचं रेखाचित्र वर्कशॉपच्या फरशीवर खडूनं काढलेलं होतं. ब्रिटिश संस्थेनं अपघातांच्या हकिकती छापणारं एक नियतकालिक चालवलं आणि त्यात नाव न देताही लिहिता येतं अशी सोय ठेवली. कोणाच्या कारखान्यात घडलं हे महत्त्वाचं नाही, काय घडलं हे महत्त्वाचं.

त्याच फ्लिक्सबरोनंतर ट्रेव्हर क्लेट्झ या इंग्रज सुरक्षातज्ज्ञानं एक साधा मुद्दा मांडायला सुरुवात केली: धोकादायक रसायन जपून ठेवण्याच्या युक्त्या शोधण्यापेक्षा ते मुळात ठेवूच नका, निदान कमी ठेवा. जे नाही, ते गळणार कसं? हे त्यानं सांगितलं १९७० च्या दशकात. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळच्या टाकीत सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट होतं. ते विकायचं उत्पादनही नव्हतं. कीटकनाशक बनवताना मधल्या टप्प्यावर लागणारं ते रसायन होतं. ते थंड ठेवणारी यंत्रणा बंद होती आणि वायू जाळून टाकणाऱ्या मनोऱ्याकडे जाणारा पाइप दुरुस्तीसाठी काढलेला होता. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. मराठी घरांमध्येही भोपाळचे नातेवाईक आहेत.

भोपाळनंतर १९८५ मध्ये अमेरिकी संस्थेनं रासायनिक प्रक्रियांच्या सुरक्षिततेसाठी वेगळं केंद्र काढलं. त्याचा उल्लेख पुढे येईल.

आपल्या अधिवेशनात

आपली संस्था १९४७ ची. कोलकात्याजवळच्या जादवपूरला प्रा. हिरालाल रॉय यांच्या पुढाकारानं ती स्थापन झाली. मुख्यालय अजूनही तिथेच आहे. मुंबई विद्यापीठात त्याआधीच, १९३३ मध्ये, रसायन तंत्रज्ञानाचा विभाग सुरू झाला होता. माटुंग्यातला तो ‘यूडीसीटी’, आजची आयसीटी. तिथून मनमोहन शर्मा आणि रघुनाथ माशेलकर यांच्यासारखी माणसं घडली. आपल्या देशाला या विद्येची वाण कधी नव्हती.

केमकॉनचा चार दिवसांचा थाट इतर अधिवेशनांसारखाच. उद्घाटन, शाल-श्रीफळ, संस्थापकांच्या स्मरणार्थ व्याख्यान, मग एकाच वेळी चार-पाच दालनांत चालणारे शोधनिबंध, भिंतीलगत विद्यार्थ्यांची भित्तिपत्रकं, जेवणाच्या रांगेत नोकरीच्या चौकश्या. विद्यार्थ्यांची गर्दी मोठी असते आणि त्यात मुलींचं प्रमाण डोळ्यांत भरतं, ही चांगली गोष्ट. विषय हायड्रोजनपासून सांडपाण्यापर्यंत आणि कार्बन पकडण्यापासून जैवइंधनापर्यंत. सुरक्षिततेचंही सत्र असतं.

माझा आक्षेप विषयांवर नाही. शोधनिबंधाचा स्वभावच यशाचा असतो: अमुक उत्प्रेरक वापरला, अमुक टक्के सुधारणा झाली. बिघडलेल्या बॅचवर निबंध कोण लिहिणार? आणि ज्याच्याकडे बिघडलेल्या बॅचची गोष्ट आहे, तो कारखान्यातला सुपरवायझर या दालनात बहुधा नसतोच. महाविद्यालयाला अधिवेशनात सादर केलेला निबंध मोजता येतो. कारखान्याला आपला माणूस चार दिवस पाठवून काय मिळालं, ते मोजता येत नाही. मोठ्या कंपन्या पाठवतात. महाड, तारापूर, लोटे, कुरकुंभ इथले पंधरा-वीस माणसांचे कारखाने कुठून पाठवणार?

आणि पाठवला तरी तो बोलेल का, हा खरा प्रश्न. आपल्याकडे स्फोट झाला की गुन्हा दाखल होतो, अटक होते, कारखाना बंद करण्याचा आदेश निघतो, विम्याचा दावा अडकतो. दोषीला शिक्षा झालीच पाहिजे, त्याबद्दल दुमत नाही. पण ज्या घटनेत कोणी मेलं नाही, जिथे तापमान चढलं आणि कोणीतरी वेळेवर पाणी सोडून सावरलं, त्याही घटनेचा मालक उच्चार करत नाही. वकील सांगतो, गप्प राहा. टी-टूच्या पहिल्या दहा बॅचमधले ते तीन चढ आठवा. तशी प्रत्येक सावरलेली घटना ही पुढच्या अपघाताची फुकट मिळालेली रंगीत तालीम असते, आणि ती तिथल्या तिथे विरून जाते. पाळी बदलते, माणूस नोकरी सोडतो, त्याच्याबरोबर त्या कारखान्याची आठवणही जाते.

अमेरिकेतल्यासारखं रासायनिक अपघातांची चौकशी करणारं स्वतंत्र, कायमस्वरूपी मंडळ आपल्याकडे नाही. चौकशी राज्याच्या औद्योगिक सुरक्षा आणि आरोग्य संचालनालयाकडून होते, मोठा अपघात असेल तर खास समिती नेमली जाते. कधीकधी या समित्या उत्तम काम करतात. विशाखापट्टणमचं उदाहरण घ्या. ७ मे २०२० च्या पहाटे, टाळेबंदीत बंद असलेल्या कारखान्याच्या टाकीतून स्टायरीनची वाफ बाहेर पडली आणि झोपेतल्या वस्तीतली १२ माणसं गेली. स्टायरीन हा प्लॅस्टिकचा कच्चा माल. त्याचे रेणू एकमेकांना जोडत जातात, त्यातून उष्णता निघते, म्हणून ते थंड ठेवायचं आणि त्यात रोधक द्रव्य मिसळायचं. आंध्र प्रदेश सरकारच्या उच्चाधिकार समितीनं जे दाखवून दिलं त्यातली एक बाब कोणालाही कळेल अशी आहे. त्या जुन्या टाकीचं तापमान मोजलं जात होतं ते तळाशी. गरम द्रव वर जातो, थंड खाली बसतो, हे बंबातल्या पाण्यात हात घालणाऱ्यालाही माहीत असतं. तळाचा आकडा ठीक दिसत होता, वरचा थर तापत होता.

ही एक ओळ, ‘तुमच्या टाकीचं तापमान कुठे मोजलं जातं ते आज पाहून या’, देशातल्या प्रत्येक साठवण टाकीच्या मालकापर्यंत महिन्याभरात पोचली असती तर? ती पोचवण्याची यंत्रणा सरकारकडे आहे तशी या संस्थेकडेही आहे. संस्थेची प्रादेशिक केंद्रं आहेत, त्यातली दोन मुंबईत आणि पुण्यात आहेत, आणि महाविद्यालयांमधल्या विद्यार्थी शाखा वेगळ्याच.

साहित्यही नव्यानं तयार करायला नको. भोपाळनंतर निघालेल्या त्या अमेरिकी केंद्राकडून २००१ पासून दर महिन्याला एक पत्रक निघतं, ‘प्रोसेस सेफ्टी बीकन’. एकच पान. वर अपघाताचं छायाचित्र, खाली काय झालं आणि तुम्ही काय तपासावं, एवढंच. भाषा कंट्रोल रूममधल्या ऑपरेटरला आणि फिटरला समजेल अशी. जगभरातले स्वयंसेवक ते आपापल्या भाषांत उतरवतात आणि त्या भाषांमध्ये मराठीही आहे. पैसे पडत नाहीत. छापून चहाच्या टपरीवर लावलं तरी चालेल. तरीही किती कारखान्यांच्या सूचना फलकावर ते दिसतं, हे एखाद्या एमआयडीसीत फेरफटका मारून ज्यानं त्यानं पाहावं.

कुंपणाच्या अलीकडे राहणाऱ्यांसाठीही एक गोष्ट. भोपाळनंतर केंद्र सरकारनं धोकादायक रसायनांची निर्मिती, साठवण आणि आयात यांबाबत १९८९ मध्ये नियम केले. ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त धोकादायक साठा असलेल्या कारखान्यानं, अपघात झाला तर झळ बसू शकेल अशा आजूबाजूच्या लोकांना धोक्याचं स्वरूप काय आहे आणि अशा वेळी काय करावं, काय करू नये, हे सांगितलं पाहिजे, असं त्यात म्हटलं आहे. कारखान्याबाहेरच्या आपत्कालीन आराखड्याची तालीम वर्षातून किमान एकदा व्हायला हवी, असंही आहे. तो आराखडा जिल्हा प्रशासनाकडे असतो. तुमच्या सोसायटीच्या पुढच्या सर्वसाधारण सभेत पार्किंगच्या वादानंतर पाच मिनिटं उरलीच, तर शेजारच्या कारखान्यात नेमकं काय साठवलेलं आहे आणि शेवटची तालीम कधी झाली, हे विचारणारं पत्र जिल्हाधिकारी कार्यालयाला पाठवता येईल.

हे नाव माहीत असण्याला वैद्यकीय अर्थही आहे. वायू कोणता हे ठाऊक नसेल, तर सल्ला अर्धवटच राहतो. अमोनिया पाण्यात सहज विरघळतो, त्यामुळे नाकाला धरलेल्या ओल्या फडक्याचा थोडा आधार मिळतो. पाण्यात न विरघळणाऱ्या वाफेला तो मिळत नाही. हवेपेक्षा जड असलेला वायू जमिनीलगत पसरतो, मग तळमजल्यावर थांबणं वाईट आणि वरच्या मजल्यावर खिडक्या लावून बसणं बरं. पळायचंच झालं तर वाऱ्याबरोबर नाही, वाऱ्याला आडवं पळायचं. दवाखान्यात डॉक्टरांनाही रसायनाचं नाव सांगता आलं, तर त्यांचा पहिला अर्धा तास वाचतो.

येत्या डिसेंबरात पुन्हा केमकॉन भरेल. आयोजकांनी चार दिवसांतली एक दुपार वेगळी काढावी, असं मनापासून वाटतं. त्या दुपारी शोधनिबंध नसावेत, नोंदणी शुल्क नसावं, कंपनीचं नाव सांगायची सक्ती नसावी आणि यजमान शहराची जी भाषा असेल तीच मंचावर चालावी. शेजारच्या औद्योगिक वसाहतीतले सुपरवायझर आणि ऑपरेटर यांना बोलवावं आणि त्यांना एकच विषय द्यावा: वेळेवर सावरलेली बॅच. ऐकायला पहिल्या रांगेत प्राध्यापकांनी बसावं.